तरफेचं भिंग

‘काळ्या पाखराचा डोळा, नदी ओलांडून जातो,
ओठांवरचं सांडून, गळ्यातला दाणा खातो.’

केतकीच्या कानात आईचा हा आवाज आहे तो गच्चीवर सांडगे वाळत घालतानाचा. हातात काठी. हात कावळ्यांना हाकलायचा आणि गळा त्यांचंच कौतुक करायचा. ओवी आईला कुणी शिकवलेली नव्हती. भांडी घासता घासता ती अशा जुळवायची आणि भांडी पालथी घालेपर्यंत विसरायची. ही एक मात्र राहिली.

“गळ्यातला दाणा कसा खाईल गं?” लहानग्या केतकीनं विचारलं होतं.

“बाहेर आला तो बोल वाऱ्यानं नेला. आत अडकला तो दाण्यासारखा टोचत राहतो. कावळ्याला दिसतो तो.”

“खोटं.”

“खोटं तर खोटं. ती परात धर आधी.”

त्याच आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

कृष्णेच्या काठी, सांगलीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. घाटावर पिंपळ, पिंपळावर कावळे, पायरीवर पिंड. अण्णांनी हात जोडून सांगितलं, “सुरेखा, लेकराबाळांचं सगळं नीट बघीन.” थोरल्या श्रीधरदादानं सांगितलं, “आई, अण्णांना एकटं टाकणार नाही.” मावशीनं सांगितलं, वहिनीनं सांगितलं. कावळा फांदीवर बसून राहिला. ऊन चढलं, भात सुकला, आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. मंडळी निमूट घरी गेली.

केतकी त्यांच्यात नव्हती. ती नदीच्या पलीकडच्या काठावर बाभळीच्या आडोशाला कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून, टेलिलेन्सला डोळा लावून उभी होती. कुणी विचारलं तर सांगायला कारण होतं. आईचं शेवटचं कार्य, कुणीतरी टिपायला हवं.

त्या दिवसापासून अण्णांनी एक नेम धरला. दुपारी जेवायच्या आधी केळीच्या पानावर घास काढून अंगणाच्या भिंतीवर ठेवायचा. कावळा शिवला तर जेवायचं, नाहीतर नाही. पूर्वी यात काही जड नव्हतं. पण गेल्या काही उन्हाळ्यांच्या भट्टीत गावातली झाडं वाळली, कावळे घाटावरच्या पिंपळापुरते उरले. भिंतीपर्यंत एखादा यायचा, कधी यायचाही नाही. मंदिरात तासतास सनई फुंकणारे अण्णा वर्षभरात असे वाळले की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा.

“तिचं काहीतरी राहिलंय,” ते म्हणायचे. “तिच्या तोंडात घास गेला नाही तर मी कसा गिळू?”

आणि मग विचारायचे, “केतके, तू होतीस जवळ. शेवटी काय म्हणाली गं ती?”

“काही नाही, अण्णा. झोपेत गेली.”

दर वेळी तेच शब्द, त्याच चालीवर. पाढा म्हणावा तसे.

*

केतकी अनोळखी माणसांचे फोटो काढायची. लांबून, त्यांच्या नकळत. पुण्यात तिचं त्यात नाव झालं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती सगळं सोडून गावी आली, आणि मग नदीचा पलीकडचा काठ हाच तिचा स्टुडिओ झाला. “आपल्याकडं कुणी बघतंय हे कळलं की माणूस दुकान मांडतो,” ती म्हणायची. “मला बंद दुकानातला माणूस हवा.”

हे वाक्य कॉलेजपासून ऐकून कंटाळलेला एक माणूस होता, इम्तियाज सतारमेकर. मिरजेचा. पिढ्यान्‌पिढ्या घरात सतारी, तंबोरे होत आले. हा मात्र प्रकाश आणि भिंगांच्या प्रयोगशाळेत गेला. मे महिन्यात तो दारात उभा राहिला आणि चष्म्याच्या डबीएवढं काहीतरी तिच्या हातावर ठेवलं.

“तुझ्या टेलिलेन्सच्या मागं लाव. नाव ठेवलंय तरफ.”

“इम्त्या, अब्बांनी सतार शिकवली ती नाही शिकलास, आणि नाव बरं चोरलंस.”

“चोरलं नाही, वारसा आहे.” त्यानं पाण्याचा तांब्या रिकामा केला. “ऐक. सतारीला वरच्या तारा असतात, त्या आपण छेडतो. खाली तरफेच्या. त्यांना कुणी हात लावत नाही, पण वरची वाजली की त्या आपोआप थरथरतात. आता माणसाचा गळा घे. एखादं वाक्य तू बोलायला निघालीस आणि ऐनवेळी गिळलंस. आवाज नाही झाला. पण मेंदूचा हुकूम गळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचलेला असतो. कातडी हलते. केसाच्या जाडीहूनही कमी, पण हलते. तुझं भिंग ती कातडी जवळ आणणार, माझी डबी तिची थरथर मोजणार. आत मराठी बोलणाऱ्या हजारो गळ्यांवर शिकवलेला संगणक आहे. तो त्या थरथरीचे शब्द लावतो. गळ्याच्या घडणीवरून आवाजही बांधतो.”

“म्हणजे मनकवडा.”

“नाही गं बाई. मनात काय काय चालतं, चित्रं, वास, भीती, त्यातलं याला काही कळत नाही. गिळलेलं तेवढंच ऐकू येतं.”

केतकीनं डबी उलटीपालटी करून पाहिली. “पुण्यात असलं काहीतरी निघालंय म्हणे.”

“निघालंय. जवळून चालणारं. नोकरीच्या मुलाखतीला लावतात. पोरं भर उन्हाळ्यात गळपट्ट्या बांधून हिंडतात. परवा आमच्या शेजारी मुलगा बघायला आले होते. मुलगा गळपट्टी काढेना, म्हणून लग्न मोडलं.”

“आणि काढली असती तर?”

“तरी मोडलं असतं.” तो हसला, मग गंभीर झाला. “मला लांबून, वाऱ्यात, पाण्याच्या वाफेतून चाचणी हवी. तुझ्याइतक्या लांबून माणसं बघणारं दुसरं कोण आहे? ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, एवढंच.”

*

पहिल्या सकाळी केतकीनं तरफेचा आवाज ऐकवणारं बोंडूक कानात घातलं आणि घाटावरच्या एका बाईवर भिंग नेमलं. बाई गोधडी आपटत होती. ओठ मिटलेले, कपाळावर घाम. गोधडीचा धप्प आवाज पाण्यावरून उशिरा यायचा. त्याच्या आतून दुसरा आवाज आला. कोरड्या विहिरीच्या तळाशी पाचोळा हलावा तसा.

‘उद्या सांगते. उद्या. उद्या नक्की सांगते.’

केतकीनं बोंडूक उपसून काढलं. पलीकडं बाई गोधडीच पिळत होती. पुन्हा कानात घातलं. ‘उद्या.’

वरच्या पायरीवर दोन तरुण खांद्याला खांदा लावून बसलेले, फोनमध्ये बघून हसत होते. एकाचा गळा म्हणत होता, ‘मला थांबवून घे, मला थांबवून घे.’ दुसऱ्याचा, ‘हा कधी उठणार.’ देवळाच्या ओट्यावरचा म्हातारा झोपलेला वाटत होता. त्याच्या गळ्यात कुणा एका बाईचं नाव होतं, फक्त नाव, जपमाळेच्या मण्यांसारखं एकामागून एक.

सगळा घाट गप्प होता. आणि सगळा घाट बोलत होता. केतकी इतकी वर्षं ज्याला माणसाचं एकटेपण समजून टिपत आली होती ते एकटेपण नव्हतंच. कुणीच एकटं बसलेलं नव्हतं. प्रत्येक जण समोर नसलेल्या कुणाशी तरी भांडत होता, विनवत होता. तिचा डोळा भिंगावरून हलेना.

मग एक दहावं आलं. वारलेल्याचा मुलगा, तिशीतला, डोकं नुकतंच भादरलेलं. मोठ्यानं बोललेलं तरफ भरीव आवाजात ऐकवायची. “बाबा, आत्याला मी सांभाळीन,” तो भरीव आवाज म्हणाला. त्याच्या खालून पाचोळा, ‘मला नाही जमणार. मला नाही जमणार.’

कावळा फांदीवर. नातलग एकेक करून पुढं झाले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मुलगा पुन्हा पुढं आला, हात जोडले आणि एकाएकी त्याचा बांध फुटला. “बाबा, मला नाही हो जमणार! मी खोटं बोललो.”

मंडळी चमकली. कुणीतरी त्याचा दंड धरला. पण पाचोळा थांबला होता. आणि कावळा पंख न वाजवता खाली उतरला, भाताला चोच लावली.

पुढं केतकीनं हे पुन्हा पुन्हा पाहिलं. गळे निवले की कावळा यायचा.

तिनं इम्तियाजला फोनवर सांगितलं. “कावळा माणसाचे चेहरे ओळखतो, विसरत नाही,” तो म्हणाला. “दगड कोण मारणार हे त्याला अंगाच्या ताणावरून समजतं. गिळलेलं बोलणं म्हणजे ताणच. तो सुटला की खांदे सुटतात, आणि याला धीर येतो. असं असू शकेल. त्यात भूतबीत काही नाही, केतके.”

“मी कुठं भूत म्हणाले?”

“तुझा आवाज म्हणाला.”

त्या दिवशी अण्णांच्या समोर पाट मांडताना केतकीच्या लक्षात आलं की, आपण ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली आहे. घरात दोघंच होते. पंखा बंद होता, आणि ती घामानं निथळत होती.

*

आईच्या दहाव्याचं चित्रीकरण तिनं तोपर्यंत उघडलं नव्हतं. कावळ्याचं उतरणं टिपायचं म्हणून तेव्हा तिनं कॅमेऱ्याला अतिवेगाचं चित्रीकरण लावलं होतं. कातडीची थरथर त्यात पकडली गेली असणार. एका दुपारी, अण्णा अंगणात पानाजवळ बसलेले असताना, तिनं खोलीचं दार लोटलं आणि ते तरफेतून काढलं.

कुणाच्या गळ्यात आईची अडलेली इच्छा सापडली तर अण्णा जेवतील. एवढंच तिनं स्वतःला सांगितलं.

दादाचा गळा, ‘फोन वाजतोय. कोण असेल? फोन वाजतोय.’ वहिनीचा, ‘पाय भाजतायत, कुणी चपला द्या.’ मावशीचा, ‘मला आधी कळवलं नाही, आधी कळवलं नाही.’ केतकीला हसूच आलं, आणि डोळेही भरले. माणसंच ती. मग तिनं अण्णांचा गळा मोठा करून घेतला. अण्णा मोठ्यानं बोलत होते, मोठ्यानं रडत होते. त्याखाली काही नव्हतं. आत काही राखून ठेवण्याची त्या माणसाला रीतच ठाऊक नव्हती. मग अडलं कुणाचं होतं?

चित्र पुढं सरकलं. तिथं तिनं भिंग पिंपळाकडं वळवलेलं होतं. सबंध चौकटीत फांदी आणि कावळा, माणूस एकही नाही. खाली सगळे कावळ्याकडं बघत असणार. कावळा त्यांच्याकडं बघत नव्हता. त्यानं मान वळवली, किंचित कलती केली आणि थेट भिंगात पाहिलं. नदीच्या एवढ्या रुंद पाण्यावरून, बाभळीच्या आडोशातून, नेमका तिच्या डोळ्यात.

आणि कानात पाचोळा हलला.

केतकीला वाटलं, यंत्र बिघडलं. चौकटीत गळाच नाही तर आवाज कुणाचा? तिनं मागं जाऊन पुन्हा लावलं. बाईचा आवाज होता. ओळखीचा. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकला की क्षणभर परका वाटतो, तेवढाच क्षण गेला.

‘हाक नाही मारली. हाक नाही मारली. हाक नाही मारली.’

तिचा गाल तेव्हा कॅमेऱ्याला चिकटलेला होता. तिच्या गळ्याची थरथर हाडातून गालात, गालातून कॅमेऱ्यात गेली होती, आणि सबंध चित्रच केसाएवढं हलत राहिलं होतं. फांदी, पानं, कावळा, सगळं तिच्या गिळलेल्या शब्दांवर थरथरत होतं. आणि तिला पत्ताही नव्हता.

ती सकाळ तिला आठवायची गरज नव्हती, ती कधी गेलीच नव्हती. आईचा श्वास बदलला होता. डोळे उघडे होते. अंगणात अण्णा सनईची पत्ती भिजवत बसले होते, दारापासून चार पावलांवर. केतकी उशाशी होती. ती उठली नाही. सगळं शांत होईपर्यंत बसून राहिली, आणि मग दारात जाऊन म्हणाली, “अण्णा, आई झोपेत गेली.”

*

वर्षश्राद्ध आलं. दादाला बेंगळुरूहून निघता आलं नाही. आदल्या दिवशी भिंतीवर कावळा आला नव्हता, त्याच्या आदल्या दिवशीही नाही. अण्णा भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आले.

“केतके, तुझ्या त्या भिंगाचं इम्तियाजनं मला सांगितलं परवा.”

“काय सांगितलं?”

“गळ्यात अडकलेलं दिसतं म्हणाला. चांगलं यंत्र आहे. लबाड माणसाला वाईट.” ते दम घ्यायला थांबले. “तुझ्या आईचं काही सापडेल का गं त्यात?”

सोपं होतं. ‘सापडलं अण्णा. तिला जोतिबाला जायचं होतं. नाहीतर मावशीला साडी नेसवायची होती.’ काहीही. यंत्र म्हणालं असं सांगितलं की त्यांनी विश्वास ठेवला असता. इच्छा पुरी करून सुखानं जेवले असते. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण अण्णाच पुढं बोलले.

“नसेल सापडत. गेलेल्या माणसाचं कसं सापडेल? मी वर्षभर विचार करतोय. अडकलंय ते माझ्याच गळ्यात असणार. मी तिला कधीतरी काहीतरी बोलायचा राहिलो असेन. मलाच आठवत नाही. म्हणून ती येत नाही.” त्यांनी स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. कातडी पिशवीसारखी सैल झाली होती. “उद्या तू पल्याड उभी राहा. माझ्या गळ्यावर लाव भिंग. मी सगळं सगळं बोलतो तिला. उरलेलं दिसलं तर मला येऊन सांग. सांगशील ना?”

“अण्णा, तुमच्या गळ्यात काही…”

“सांगशील ना?”

“सांगीन.”

सकाळी ती पलीकडच्या काठावर उभी राहिली. बाभळ तीच, ऊन तेच. भिंगात अण्णा, गुरुजी आणि पानावरचा भात. अण्णांनी हात जोडले आणि बोलायला लागले. लग्नातलं भांडण सांगितलं. एकदा रागानं ताट सरकवलं होतं ते सांगितलं. तिनं जुळवलेल्या ओव्यांना हसायचो, ते सांगितलं. सगळं भरीव आवाजात, उघड्यावर. खाली पाचोळ्याचं एक पानही नाही. सांगून संपलं. कावळा फांदीवरच. अण्णांनी अजून शोधलं, एखादी बारीकसारीक चूक, आणि तीही सांगितली. झडती देणाऱ्या माणसानं खिसे उलटे करून दाखवावेत तसं ते चाललं होतं.

मग त्यांना बोलायला काही उरलं नाही. ते गप्प उभे राहिले. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या गळ्यातून पाचोळा हलला.

‘केतके, ये. केतके, ये गं इकडं.’

ते पिंडाकडं बघत होते. मान वर केली नव्हती. मुलीनं भिंगाशी थांबायचं असं त्यांनीच ठरवलं होतं, म्हणून हाक गिळत होते. पिंपळावरच्या कावळ्यानं मान कलती केली आणि पाण्यावरून थेट भिंगात पाहिलं.

केतकीनं बोंडूक काढलं. कॅमेरा तिकाटण्यावर तसाच सोडून ती निघाली. जुन्या पुलावर ऊन होतं, माणूस नव्हतं. इतक्या वर्षांत या काठावरून त्या काठावरची किती माणसं तिनं जवळ आणली होती. पायानं जायला पूल केवढा लांब होता.

ती पायऱ्या उतरली तेव्हा गुरुजींनी दर्भ हातात घेतला होता.

“थांबा, गुरुजी.”

अण्णा वळले. आशेनं त्यांचा चेहरा उजळला होता, तो बघवेना. “सापडलं? काय आहे गं? सांग, मी घाबरत नाही.”

“तुमच्या गळ्यात काही नाही, अण्णा. माझ्या आहे.”

त्यांना कळलं नाही.

“आई झोपेत गेली नाही. जागी होती. श्वास अडकत होता तिचा. तुम्ही अंगणात होता, एका हाकेवर. मी हाक मारली नाही.”

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. नदीचं पाणी पायरीला लागून मागं सरत होतं. अण्णांचे ओठ दोन-तीनदा हलले आणि मग, मोडलेल्या आवाजात, त्यांनी तिच्यासाठी वाट काढून दिली. “घाबरली असशील. लेकरू घाबरलं असेल. त्यात काय…”

ती वाट सोपी होती. त्यांनी हात धरून नेलं असतं. दोघंही घरी जाऊन जेवले असते.

“घाबरले नव्हते,” केतकी म्हणाली. “हाक मारली असती तर तुम्ही गाडी आणली असती, ऑक्सिजन लावला असता, ती राहिली असती अजून. आणि मीही राहिले असते, त्या खोलीत. मला ती जायला हवी होती, अण्णा. तिचे हाल संपावेत म्हणून नाही. माझे संपावेत म्हणून.”